लोखंडाविना वास्तू : अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची कुळकथा

लसणाच्या वासाने चुंबकाचे बळ नाहीसे होते, ही युरोपातील जुनी समजूत देल्ला पोर्ता याने सोळाव्या शतकात प्रयोगाने खोडून काढली आणि मध्ये लोखंडी पत्रा आला तरच आकर्षण मंदावते, असे विल्यम गिल्बर्टने 1600 साली नोंदवले. चुंबकीय बलरेषा सदैव बंद वळणाच्या असल्यामुळे त्या तोडता येत नाहीत. मात्र ज्या धातूची पार्यता, म्हणजे बलरेषांना आपल्यातून वाट देण्याची क्षमता, मोठी असते, त्याचे कवच त्यांना आतील पोकळीभोवती वळवून नेते.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेला मात्र कवचाचा हा उपाय उपयोगाचा नव्हता. तेथे 1846 पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची सातत्याने नोंद होत होती आणि सप्टेंबर 1859 च्या सौर वादळात क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे 1,600 नॅनोटेस्लाने घसरल्याचे तेथेच टिपले गेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर नेण्याचे ठरले, तेव्हा रुळांतून व जमिनीतून वाहणाऱ्या प्रवाहाचे क्षेत्र या नोंदी दूषित करणार हे उघड झाले. परंतु उपकरणे कवचात ठेवली असती, तर ज्याचे मापन करायचे ते पृथ्वीचे क्षेत्रही बाहेरच वळले असते.

म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत चुंबकीय वेध समुद्रापलीकडे अलिबागला हलवण्यात आले. जवळच मुबलक मिळणारा बेसाल्ट, म्हणजे नाशिकचे काळाराम मंदिर ज्यात घडले तो दख्खनचा काळा पाषाण, मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजामुळे येथे निरुपयोगी होता. त्यामुळे पारखून घेतलेला पोरबंदरी दगड आणला गेला आणि खिळे, बिजागऱ्या अशा जोडकामासाठी लोखंडाऐवजी तांबे व पितळ वापरले गेले.

ट्राम 1907 मध्ये विजेवर धावू लागली, पण त्यापूर्वी 1904 ते 1906 या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन त्यांतील फरक निश्चित करण्यात आला होता. या दूरदृष्टीमुळेच कुलाब्याची व अलिबागची मापने एका मालिकेत सांधता आली, आणि भूचुंबकत्वातील दीर्घकालीन बदलांच्या अभ्यासाला एकोणिसाव्या शतकापासूनचा भक्कम आधार मिळाला.