काचेतलं झाड

आम्ही मांडवीची माणसं. झाडालाही घर लागतं, हे बंगलोरच्या लालबागेत कळलं! 1889 साली व्हिक्टोरिया राणीच्या नातवाने, अल्बर्ट व्हिक्टरने, तिथल्या काचघराचा पाया घातला. नमुना लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा. विलायतेत परदेशी झाडं गारठतात, म्हणून त्यांना काचेची ऊब. आमच्याकडे उकाडा फुकट! मी हसलो खरा. पण लगेच आमचा थिबा राजा आठवला. त्याच राणीच्या सरकारने त्याला ब्रह्मदेशातून उपटलं आणि 1886 साली रत्नागिरीत आणून लावलं. 1910 मध्ये राजवाडाही बांधून दिला. ऊन, पाऊस, पेन्शन, सगळं मिळालं. माती तेवढी परकी. 1916 साली तो गेला. शेवटी मिळाली तीही आमचीच, तांबडी.