वाढ की संरक्षण? वनस्पतींच्या संप्रेरकांचा ताळमेळ

संकट आले की प्राणी पळतो किंवा लपतो. वनस्पतीला हा मार्ग मोकळा नाही. जेथे रुजली तेथेच उभे राहून तिला बुरशी, जिवाणू आणि अळ्यांना तोंड द्यावे लागते. त्याच वेळी सूर्यप्रकाशासाठी शेजारच्या रोपांशी स्पर्धाही करावी लागते. पानांत तयार होणारे अन्न मात्र मर्यादित असते. ते वाढीसाठी खर्च करावे की संरक्षक रसायने बनविण्यासाठी, हा निर्णय वनस्पती मेंदूवाचून घेते. त्याची सूत्रे संप्रेरकांच्या हाती असतात.

वाढीच्या संप्रेरकांपैकी जिबरेलिनचा शोध एका रोगातून लागला. जपानमध्ये भाताची काही रोपे अवाजवी उंच वाढून कोलमडत. शेतकरी या रोगाला 'मूर्ख रोप' अशा अर्थाचे नाव देत. हा प्रकार एका बुरशीने स्रवलेल्या द्रव्यामुळे घडतो, हे एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले. नाशिक परिसरातील द्राक्ष बागायतदार मण्यांची लांबी वाढविण्यासाठी घडांना जे 'जीए' देतात, ते याच गटातील जिबरेलिक आम्ल होय.

संरक्षणाची जबाबदारी प्रामुख्याने दोन संप्रेरकांवर असते. जिवंत पेशींवर पोसणाऱ्या रोगजंतूंविरुद्ध सॅलिसिलिक आम्ल काम करते. पाने कुरतडणाऱ्या अळ्या आणि पेशी मारून त्यांवर जगणाऱ्या बुरशी यांच्याविरुद्ध जास्मोनेट धावून येते. अनेकदा ही दोन संप्रेरके परस्परांना दाबतात. याचा लाभ काही शत्रू घेतात. टोमॅटोच्या पानांवर ठिपके पाडणारा 'स्यूडोमोनास सिरिंजी' हा जिवाणू जास्मोनेटची हुबेहूब नक्कल करणारे विष तयार करतो. वनस्पती फसते, सॅलिसिलिक आम्लाची फळी ढिली पडते आणि जिवाणूचे फावते.

वाढ आणि संरक्षण यांची सांगड दोन प्रकारच्या प्रथिनांमुळे बसते. 'डेला' प्रथिने वाढीला लगाम घालतात, तर 'जॅझ' प्रथिने संरक्षणाला. ही प्रथिने एकमेकांना जखडूनही ठेवतात. जिबरेलिन वाढले की डेला नष्ट होते. रोप वाढू लागते आणि मोकळे झालेले जॅझ संरक्षण आवरून धरते. अळीने पान कुरतडले की जास्मोनेट वाढते व जॅझ नष्ट होते. संरक्षक जनुके जागी होतात आणि मोकळे झालेले डेला वाढ रोखते.

हरितक्रांतीचे यश याच यंत्रणेत दडले होते, हे फार उशिरा उमगले. गव्हाच्या बुटक्या जातींमधील जनुके बदललेले डेला प्रथिन तयार करतात, असे १९९९ मध्ये स्पष्ट झाले. जिबरेलिन असूनही हा लगाम सुटत नाही. त्यामुळे ताट आखूड राहते आणि दाण्यांच्या भाराने पीक लोळत नाही.

मग रोगाला न जुमानणारे आणि भरघोस उत्पन्न देणारे पीक अशक्य आहे काय? २०१६ मध्ये अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 'अॅराबिडॉप्सिस' या छोट्या वनस्पतीतील पाच जॅझ जनुके व प्रकाश ओळखणारे एक जनुक निकामी केले. ती रोपे चांगली वाढली आणि किडींनाही पुरून उरली. म्हणजे हा पेच केवळ अन्नाच्या टंचाईचा नाही, तो संदेशांच्या जोडणीचाही आहे. मात्र याला मर्यादा आहे. २०१८ मध्ये दहा जॅझ जनुके निकामी केल्यावर प्रतिकार वाढला, पण वाढ खुंटली आणि बियाणे घटले.

चिनी शास्त्रज्ञांनी २०१८ मध्येच भातातील 'आयपीए-१' या प्रथिनाचे कार्य उलगडले. एरवी ते उत्पन्नाला हातभार लावते. करप्याची बुरशी शिरताच त्याला फॉस्फेट जोडले जाते व ते संरक्षक जनुके चालू करते. सुमारे ४८ तासांत ते पुन्हा मूळ कामाला लागते. पीक पैदासकारांसाठी ही दिशा महत्त्वाची आहे. संरक्षण सदैव चालू ठेवल्यास त्याची किंमत दाण्यांत मोजावी लागते. ते गरजेपुरतेच चालू झाले, तर फवारणीचा खर्च आणि उत्पन्नातील घट या दोन्हींतून शेतकऱ्याची सुटका होऊ शकेल.