दुकानावरची पाटी मराठीत आली, पण आतली धोक्याची पाटी कुणाला कळते?

डीपीजवळून जाणाऱ्या शाळकरी पोरालाही तिथे हात लावायचा नाही हे कळतं. कवटी, खाली दोन हाडं, व्होल्टचा आकडा आणि ‘धोका’ हा एकच शब्द. वाचता न येणाऱ्या माणसालाही समजणारी ही बहुधा महाराष्ट्रातली सगळ्यात यशस्वी पाटी असावी.

हे आपोआप झालेलं नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांमध्येच लिहिलं होतं की, धोक्याची पाटी ठळक जागी लावायची, हिंदी किंवा इंग्रजीसोबत त्या जिल्ह्याची भाषा वापरायची आणि कवटीचं चित्र काढायचं. म्हणजे पाटी कोण वाचणार आहे, याचा विचार आधी झाला होता. हाच विचार कारखान्यात, जिनिंगमध्ये किंवा मार्केटमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दुकानात मात्र बऱ्याचदा दिसत नाही.

खान्देशात हा प्रश्न किती गंभीर आहे?

३१ ऑगस्ट २०१९ रोजी सकाळी शिरपूर तालुक्यातल्या वाघाडीजवळच्या केमिकल कारखान्यात स्फोट झाला. किमान १३ जणांचा जीव गेला. १८ एप्रिल २०२३ रोजी साक्री तालुक्यातल्या वासखेडी शिवारात मेणबत्ती बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि त्याच दिवशी ४ महिलांच्या मृत्यूची बातमी आली. त्यानंतर वर्षभरात, १७ एप्रिल २०२४ रोजी, जळगाव एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत स्फोट होऊन कामगार होरपळले.

या घटना पाट्या नसल्यामुळे घडल्या, असं म्हणणं चुकीचं ठरेल. पाटी स्फोट थांबवत नाही. पण कुठल्या ड्रमजवळ ठिणगी न्यायची नाही हे आधी सांगणं, आणि आग लागल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत माणूस कुठल्या दाराकडे पळेल हे ठरवणं, एवढं तिच्या हातात असतं.

इथे भाषेचा पेच आहे. जळगाव म्हणजे डाळ मिल, प्लॅस्टिकच्या चटया, पाइप आणि सराफ बाजार. धुळ्याकडे अवधानची एमआयडीसी, तर पलीकडे शिरपूरचा कापड उद्योग. एकाच शेडमध्ये घरी अहिराणी बोलणारी बाई, सातपुड्यातून आलेला पावरा तरुण आणि उत्तर प्रदेश-बिहारचा ऑपरेटर काम करतात. तिथे भिंतीवर फक्त इंग्रजीत छापलेली सूचना असेल, तर ती तपासणीला येणाऱ्या साहेबासाठी लावली आहे असंच समजायचं.

कायदा काय सांगत आला आहे?

दुकानांच्या मराठी पाट्यांवरून बराच गाजावाजा झाला. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी बंधनकारक झाली, मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत असंही ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ही चर्चा दाराबाहेरच्या पाटीची होती.

आतल्या पाटीची गोष्ट त्याहून जुनी आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम १०८ मध्ये सांगितलं होतं की, कायद्यानुसार लावायच्या सूचना इंग्रजीसोबत बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, मुख्य दाराजवळ ठळक जागी असाव्यात, स्वच्छ आणि वाचता येण्याजोग्या ठेवाव्यात. ‘बहुसंख्य कामगारांना समजणारी भाषा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पिण्याच्या पाण्याच्या जागेवरही तशाच भाषेत ‘पिण्याचे पाणी’ लिहिण्याची अट होती. केमिकल युनिटमध्ये ही पाटी किरकोळ नाही, कारण तिथे नळातून येणारं प्रत्येक पाणी पिण्याचं नसतं.

धूम्रपानबंदीच्या पाटीचं तर मापही ठरलेलं आहे. २००८ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी ती किमान ६० बाय ३० सेंटिमीटर हवी, आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नावही लावायला हवं. जिनिंगसाठी मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. नेहमीच्या चित्रात सिगारेट असते. कापसाच्या ढिगाला बिडी, काडी आणि वेल्डिंगची ठिणगी सारखीच. तिथे पेटत्या काडीवर काट मारलेलं चित्र जास्त कामाचं.

रंग आणि चित्रं

लाल वर्तुळ आणि तिरपी रेघ म्हणजे मनाई. निळं वर्तुळ म्हणजे करायलाच हवं, उदाहरणार्थ हेल्मेट घाला. पिवळा त्रिकोण म्हणजे सावधान. हिरवा चौकोन म्हणजे सुटकेचा मार्ग किंवा प्रथमोपचार. आगीची साधनं लाल चौकोनात. भारतीय मानक आयएस ९४५७ याच विषयावर आहे. आपल्या आवडीने रंग बदलले, म्हणजे निळ्यात ‘प्रवेश बंद’ आणि हिरव्यात ‘धोका’ असं केलं, तर दुसऱ्या कंपनीतून आलेला कामगार चुकणारच.

हिरव्या पाटीवरचा पळणारा माणूस जपानमधून आला. १३ मे १९७२ रोजी ओसाकातल्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीला आग लागून ११८ लोक मेले. अशा आगींनंतर अक्षरांपेक्षा लांबून ओळखू येणारं चिन्ह हवं, हा विचार तिथे जोर धरू लागला. त्यातून युकिओ ओता या डिझायनरच्या नावाशी जोडलं जाणारं हे चित्र तयार झालं आणि १९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय मानकात आलं.

तरी चित्र सगळ्यांना कळेलच असं नाही. अमेरिकेतल्या मानकानुसार नवं चिन्ह तपासताना १०० पैकी किमान ८५ जणांना अर्थ बरोबर सांगता यावा लागतो, आणि उलटा अर्थ लावणारे ५ पेक्षा जास्त चालत नाहीत. ही परीक्षा छोट्या कारखान्यातही घेता येते. कालच कामाला लागलेल्या चार-पाच जणांना पाटीसमोर उभं करायचं आणि विचारायचं, ‘हे काय सांगतंय?’ त्यांनी खांदे उडवले तर पाटी बदलायची.

शब्दही साधे हवेत. ‘आपत्कालीन निर्गमन द्वार’ बरोबर मराठी असेल, पण धुरात ‘बाहेर’ हा शब्द आणि बाण पुरतो.

किती मोठी, कुठे?

एक प्रचलित हिशेब असा: जितक्या मीटरवरून पाटी दिसायला हवी, त्या आकड्याचा वर्ग करून २००० ने भागायचं. येईल तेवढे चौरस मीटर पाटी हवी. ए-फोर कागद या हिशेबाने साधारण ११ मीटरपर्यंतच पुरतो. २० मीटरसाठी जवळपास ४५ सेंटिमीटर बाजूचा चौकोन लागतो. त्यामुळे लांबलचक गोदामाच्या टोकाला चिकटवलेली प्रिंटआउट असून नसल्यासारखी.

धूर वर चढतो, म्हणून दाराच्या डोक्यावरच्या पाटीसोबत खाली, गुडघ्याच्या उंचीवरही बाण असावेत. आगीत बहुतेक वेळा वीज जाते, त्यामुळे अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या किंवा बॅटरीवरचे दिवे हवेत.

खान्देशाचा उन्हाळा हा वेगळाच शत्रू. पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा बाहेर लावलेला स्वस्त फ्लेक्स तडकतो, आणि छपाईतला लाल रंग लवकर उडतो. नेमकी मनाईची आणि आगीची पाटी गुलाबी होऊन बसते. बाहेरच्या जागी पत्र्यावर रंगवलेली पाटी चांगली टिकते.

बाण ज्या दाराकडे जातो ते दार मात्र उघडं हवं. त्याला चोरीच्या भीतीने कुलूप असेल किंवा पुढे पोत्यांची थप्पी असेल, तर ती पाटी माणसाला चुकीच्या जागी नेऊन सोडते. पाटी नसलेली परवडली.

जबाबदारी कुणाची, हे महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यात स्पष्ट आहे: मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची. आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. जिनिंगमध्ये मात्र नवे कामगार दिवाळीच्या आसपास, कापसाच्या गाड्यांबरोबर येतात. त्यांना कुठलं दार कुठे आहे हे दाखवायचं, तर कामाच्या पहिल्याच दिवशी शेडमधून एक फेरी मारावी लागते. त्याला जेमतेम दहा मिनिटं लागतात.