दोन महायुद्धांमधील खानदेशी पोषाख : जामनेरच्या बाजूचें टिपण

जुन्या कागदांच्या शोधार्थ हिंडणारा संग्राहक सनद, महजर किंवा निवाडा दिसतांच हात पुढें करितो. त्याच दप्तराच्या तळाशीं पडलेली कापडदुकानाची खतावणी किंवा लग्नांतील आहेराची वही मात्र तो बाजूस सारितो. कारण एवढेंच कीं ती 'अलीकडची' असते. आमच्याकडूनही ही चूक घडली आहे. १९१८ ते १९३९ हा काळ आतां अलीकडचा राहिला नाहीं, आणि त्या काळीं लोक काय नेसत व डोकीस काय घालीत हें सांगणारीं साधनें रद्दीच्या भावानें जात आहेत.

जामनेर हें १९०६ मध्यें खानदेशाचे दोन जिल्हे झाल्यावर पूर्व खानदेशांत राहिलेलें तालुक्याचें गांव. मुंबई-भुसावळ लोहमार्ग त्यास टाळून गेला होता. पहिलें महायुद्ध संपतां संपतां पाचोऱ्याहून शेंदुर्णी-पहूरवरून जामनेरपर्यंत अडीच फुटी रुळांची, सुमारें ३५ मैलांची गाडी सुरू झाली. ती २०२० पर्यंत चालली. या काळ्या जमिनीचा कापूस तिनें बाहेर नेला, तसें गिरणीचें कापडही ती आंत आणूं लागली. युद्धानंतर कापसास भाव चढा होता. १९२९ नंतरच्या मंदींत तो कोसळला. पोषाखाचा विचार करितांना हा चढउतार विसरून चालणार नाहीं. पागोटें सुटून टोपी आली ती केवळ हौसेनें आली असें आम्हांस वाटत नाहीं. पागोट्यास जेवढें कापड लागतें तेवढें टोपीस लागत नाहीं, हेंही कारण असलें पाहिजे.

या काळांतील वह्या पुष्कळदां मोडींतच असतात. तेव्हां पेशवाईचे कागद वाचणारास हें काम परकें नाहीं. 'लुगडें', 'खण', 'धोतरजोडा' यांच्या शेजारीं 'पातळ', 'पोलकें', 'झंपर' हे शब्द जेथें प्रथम दिसतील, तें पान त्या घरापुरतें महत्त्वाचें समजावें. मात्र आहेराची वही काय दिलें तें सांगते, काय वापरलें तें सांगत नाहीं. रोजच्या डोकीवरून उतरलेलें पागोटें मानापानाच्या यादींत पुढें कित्येक वर्षें टिकतें.

छायाचित्रांविषयींही तेंच. छायाचित्रकाराकडे पडदा व खुर्ची यांबरोबर कोट-टोपीही तयार असे. चित्रांतील कोट त्या गृहस्थाचाच असेल अशी खात्री कोणीं द्यावी ?

स्त्रियांचा पालट हळू झाला. नऊवारी जाऊन गोल पातळ येणें हें प्रथम शिकलेल्या घरांतलें. शेतकरी घरांत नऊवारी व डोकीवरचा पदर कायम होता, आणि लमाणांच्या तांड्यांना तर या फॅशनींशीं कर्तव्यच नव्हतें. शहरांतील स्त्रियांना नेसण्याची तऱ्हा शिकविण्यांत बालगंधर्वांचा वांटा मोठा. त्यांच्या बालपणाचा कांहीं काळ जळगांवींच गेला होता. नेसावें कसें हें एका पुरुषाकडे पाहून ठरावें, ही मौज नोंदवून ठेवण्याजोगी आहे. पुढें १९३० पासून 'स्त्री' मासिक निघालें, आणि १९३२ पासून मराठी बोलपटांची त्यांत भर पडली.

पुरुषांच्या डोकीचा निकाल मात्र राजकारणानें लाविला. १९२०-२१ च्या असहकारांत पांढरी खादीची टोपी ही धोक्याची खूण होती. डिसेंबर १९३६ मध्यें तापीपलीकडील फैजपुरास राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, मंडपाची बांबूची सजावट नंदलाल बोस यांची, आणि खादी व ग्रामोद्योगांचें प्रदर्शनही त्याबरोबर होतें. खानदेशच्या शेतकऱ्यानें पांढऱ्या टोप्यांचा एवढा समुदाय आपल्याच जिल्ह्यांत पाहिला. सात-आठ महिन्यांत, जुलै १९३७ मध्यें, मुंबई इलाख्यांत बाळासाहेब खेरांचें मंत्रिमंडळ आलें, आणि धोक्याची खूण होती ती प्रतिष्ठेची झाली. म्हणून तारीख नसलेल्या छायाचित्रांत पांढरी टोपी दिसली म्हणजे तो गृहस्थ सत्याग्रही होता असें अनुमान करूं नये. चित्र १९३७ पूर्वींचें कीं नंतरचें हें आधीं ठरवावें. तें ठरविण्यास बहुधा तीच रद्दींत निघालेली कापडाची वही उपयोगीं पडते.