फाडलेला सूट आणि माळ्यावरची ट्रंक

परवा माळा आवरताना काकांचा तरुणपणीचा फोटो सापडला. बेलबॉटम, रुंद कॉलर, कानावर आलेले केस. काकूला विचारलं, ती पँट कुठाय? म्हणाली, "तिच्या कधीच पिशव्या शिवल्या."

हसू आलं. पण मित्रांनो, अमेरिकेत एका अख्ख्या पिढीचे कपडे असेच नाहीसे झाले.

१९४० च्या आसपास तिथल्या कृष्णवर्णीय, मेक्सिकन आणि फिलिपिनो वंशाच्या पोरांत 'झूट सूट'ची फॅशन होती. गुडघ्यापर्यंत कोट, खांद्यात भरपूर पॅडिंग, गुडघ्याशी ढगळ आणि घोट्याशी घट्ट पँट. १९४२ मध्ये युद्धामुळे सरकारने लोकरी कापडाच्या वापरावर बंधनं आणली. झालं! एवढं कापड वापरणारा पोरगा देशद्रोही, गुंड ठरला.

जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये नौसैनिक रस्त्यावर उतरले. सिनेमागृहांतून, ट्राममधून पोरांना ओढून काढलं, मारलं, अंगावरचे सूट फाडले. आणि पोलिसांनी अटक केली ती बहुतेक मार खाणाऱ्यांनाच!

पुढे त्याच शहरातल्या 'लॅक्मा' या कला संग्रहालयाला झूट सूट हवा होता. दहा वर्षांहून अधिक काळ शोध चालला. २०११ मध्ये एक मिळाला, तोही देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीत. लिलावात किंमत मोजली जवळपास ८० हजार डॉलर. २०१६ च्या प्रदर्शनात तो मांडला. ज्या शहरात तो अंगावरून फाडला, तिथेच आता तो बघायला लोक तिकीट काढून आले.

राजाचा अंगरखा जपायला माणसं असतात. रस्त्यावरच्या पोराचा कपडा फाटेपर्यंत वापरला जातो, मग त्याचं फडकं होतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने १९९४ मध्ये 'स्ट्रीटस्टाइल' प्रदर्शन भरवलं, तेव्हा टेडी बॉय, पंक यांचे कपडे शक्य तिथे वापरणाऱ्यांकडूनच मिळवले. तिथलंच म्युझियम ऑफ युथ कल्चर तर लोकांकडून तरुणपणीचे फोटो आणि आठवणी मागवतं. कारण नुसता कपडा काही बोलत नाही. तो कुणी घातला, कुठे मिरवला, त्यापायी काय सोसलं, हे सांगणारं माणूस लागतं.

आमच्या काकांना त्या पँटपायी आजोबांनी दोन दिवस पंगतीला बसू दिलं नव्हतं. हे काकूने सांगितलं म्हणून कळलं. फोटोत ते कुठंच नाही.

म्हणून एक विनंती. घरातले असे फोटो काढा. मागे पेन्सिलीने लिहा : कोण, कुठलं साल, कपडे कुठल्या टेलरने शिवले, घरचे काय बोलले. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.

आणि चौकात फाटकी जीन्स घालून, केस रंगवून उभ्या असलेल्या पोरांना 'टपोरी' म्हणण्याआधी त्यांचाही एक फोटो काढून ठेवा. अर्थात, त्यांना विचारून!