ठिगळ लागेपर्यंतचे दिवस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या दापोडीत 'कर्नल' म्हटले की सीएमईतले, म्हणजे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयातले साहेब डोळ्यांपुढे येतात. आज मी बोलणार आहे ते संगणकातल्या 'कर्नेल'विषयी. उच्चार जवळचा, अर्थ अगदी वेगळा. कर्नेल म्हणजे कवचाच्या आतला गर. विंडोज काय, लिनक्स काय, कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमचा हा गाभा असतो. आपण पत्र टाइप करतो, हिशेब मांडतो, चित्र पाहतो, ती कामे करणारे प्रोग्रॅम वेगवेगळे असतात. पण स्मरणशक्ती, डिस्क, नेटवर्क यांना हात लावायचा तर प्रत्येकाला कर्नेलकडे अर्ज करावा लागतो. चाळीत प्रत्येक खोलीला स्वतःचे कुलूप असावे आणि सगळ्या किल्ल्यांचा जुडगा एकाच माणसाकडे असावा, तसे हे आहे. एका खोलीचे कुलूप फुटले तर एका घराचे नुकसान होते. जुडगाच चोराच्या हाती लागला तर सगळी चाळ उघडी पडते. म्हणून कर्नेलमधल्या चुकीला इतके महत्त्व.

अशा चुकीवरच्या दुरुस्तीला 'पॅच' म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ, आणि हा शब्द अलंकारिक नाही. जुन्या काळी प्रोग्रॅम कागदी फितीवर छिद्रे पाडून लिहिले जात. छिद्र चुकले की त्यावर खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवत. आता फिती गेल्या, ठिगळे राहिली. ही ठिगळे तयार कशी होतात याच्या कथा बऱ्याच सांगितल्या जातात. ती प्रत्यक्ष लागेपर्यंत किती दिवस गेले, याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही. मला तोच महत्त्वाचा वाटतो.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेल्या एका प्रोग्रॅमने तेव्हाच्या लहानशा इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले. त्याने वापरलेल्या चुका कर्नेलमधल्या नव्हत्या. पण त्या धक्क्यातून अमेरिकेत 'सर्ट' ही संस्था उभी राहिली आणि संगणकातल्या चुकांची नोंद ठेवणे, धोक्याचा इशारा देणे हे रीतसर काम झाले. आपल्याकडे त्याच कामासाठी २००४ मध्ये 'सर्ट-इन' सुरू झाली.

आता लिनक्सची एक गोष्ट. तलाठ्याकडे सातबाऱ्याचा मूळ कागद एकच असतो. मागेल त्याला नक्कल मिळते. तुम्ही नकलेवर काहीही खरडा, मूळ कागद शाबूत राहतो. लिनक्सचे कर्नेलही असेच वागते. एकच मजकूर अनेकांना वाचायला देते आणि कोणी त्यात बदल करू लागला की त्याला वेगळी नक्कल काढून देते. या पद्धतीला 'कॉपी-ऑन-राइट' म्हणतात. चूक अशी होती, की दोन मागण्या अगदी एकाच क्षणी आदळल्या तर कर्नेलचा गोंधळ उडे आणि लेखणी नकलेऐवजी मूळ कागदावर चाले. साधा वापरकर्ता त्या फटीतून संगणकाचा मालक होऊ शकत असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये फिल ऑस्टर या तज्ज्ञाने हे उघडकीस आणले, तेही हल्लेखोर ही फट वापरत असल्याचे त्याच्या नोंदींत सापडले म्हणून. कॉपी-ऑन-राइटच्या आद्याक्षरांवरून तिला 'डर्टी काऊ' असे नाव पडले.

यातला खरा धडा पुढेच आहे. लिनक्सचा जनक लायनस टोरवाल्ड्स याने दुरुस्ती करताना नोंदवून ठेवले, की ही चूक आपण ११ वर्षांपूर्वीच सुधारू पाहिली होती. पण ती दुरुस्ती आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर अडचणी आणू लागली, म्हणून मागे घेतली गेली. पुढे २००७ पासूनच्या कर्नेलमध्ये ती फट जगभर पसरली, अगदी अँड्रॉइड फोनांपर्यंत. ठिगळ लागले होते, ते उसवले आणि पुन्हा टाका घालायचा राहून गेला.

दुसरी गोष्ट आपल्या दाराशी घडलेली. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणचा माल परदेशी जातो तो मुख्यतः न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून. विंडोजमध्ये फायली आणि प्रिंटर वाटून घेण्याची एक जुनी सोय होती. ती कर्नेलच्या हद्दीत चाले आणि तिच्यात एक भगदाड होते. एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने त्यावर 'इटर्नलब्लू' हे हत्यार बनवले होते. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी ठिगळ दिले. बरोबर एक महिन्याने, १४ एप्रिलला, ते हत्यार चव्हाट्यावर आले. १२ मे रोजी 'वॉनाक्राय'ने जगभर धुमाकूळ घातला. तेव्हा ठिगळ येऊन ५९ दिवस झाले होते. इतका बोभाटा होऊनही अनेकांनी ते लावले नाही. २७ जूनला 'नॉटपेट्या' आला, ठिगळापासून १०५ दिवसांनी.

त्याचा उगम युक्रेनमध्ये होता. तिथल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच विष कालवले गेले होते. तिथून तो मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीत शिरला आणि त्याच समूहाचे न्हावा-शेव्यातील गेटवे टर्मिनल बंद पडले. वर्षाला सुमारे १८ लाख कंटेनरची क्षमता असलेले हे टर्मिनल! कोणता डबा कोणत्या थप्पीत आहे, कोणत्या जहाजावर चढवायचा आहे, हे संगणकच सांगणार. तो गप्प झाल्यावर क्रेन धडधाकट असून काय उपयोग? अडकलेला माल उभा करायला बंदराला जागेची सोय पाहावी लागली.

एक बारकावा इथे सांगायला हवा. ठिगळ लावलेले संगणकही या हल्ल्यात पडले. नॉटपेट्या एका उघड्या संगणकात शिरे, तिथे सापडलेले परवलीचे शब्द चोरी आणि त्यांच्या बळावर शेजारच्या बंदोबस्तातल्या संगणकात जाई. मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या संगणकांची मूळ नोंदवही जगभर पुसली गेली होती. एकच प्रत वाचली, घाना देशातली, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! भारनियमन सोसलेल्या आपल्या लोकांना हे ऐकून गंमत वाटेल.

मग लोक ठिगळ का लावत नाहीत? निव्वळ आळस, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आमच्या दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. बस दुरुस्तीला यायची तर तिला रस्त्यावरून काढावे लागते, तिच्या फेऱ्या दुसऱ्या गाडीला द्याव्या लागतात. कर्नेलचे ठिगळही बहुधा संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाही. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात थांबायचे कोणी? चालत्या कर्नेलला ठिगळ लावण्याची सोय लिनक्समध्ये २०१५ पासून आहे, पण ती सगळीकडे नाही. शिवाय घाईचीही भीती असते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल, कर्नेलमध्ये बसणाऱ्या तिच्या प्रोग्रॅमसाठी, एकदम सगळीकडे गेली. सव्वा तासात ती मागे घेतली, तरी ८५ लाख संगणक कोलमडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले.

म्हणजे उशीर घातक आणि आंधळी घाईही घातक. यातून वाट काढल्याचे एक उदाहरण मुंबईतच आहे. विंडोज एक्सपीची ठिगळे एप्रिल २०१४ मध्ये थांबली, तरी अनेक एटीएम तिच्यावरच चालत होती. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना तारखा घालून दिल्या: सप्टेंबरपर्यंत पाव, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जूनअखेर सगळी एटीएम नव्या प्रणालीवर.

लहान कारखानदारांनीही एवढेच करावे. आपल्याकडे किती संगणक आहेत आणि कोणाला शेवटचे ठिगळ कधी लागले, याची एक वही ठेवावी. विंडोज १० ची नेहमीची ठिगळेही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहेत, हे त्या वहीत पहिल्या पानावर लिहावे. नवे ठिगळ आधी दोन-चार संगणकांवर लावून पाहावे, मग ठरलेल्या सुट्टीला बाकीच्यांवर. ज्या जुन्या मशीनच्या संगणकाला आता ठिगळच मिळत नाही, त्याची नेटवर्कची तार काढून ठेवावी. आणि हिशेबाची एक प्रत अशा डिस्कवर असावी, जी कोणत्याही संगणकाला जोडलेली नाही. घानातल्यासारखी वीज ऐनवेळी जाईल, या भरवशावर कोणी राहू नये.