देशाच्या मापाचे विमान

आठवी-नववीच्या वर्गात विमानांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : "सर, जगातले सगळ्यांत चांगले लढाऊ विमान कोणते?" विचारणाऱ्या मुलाला बहुधा आकडे पाठ असतात. कमाल वेग, पल्ला, किती क्षेपणास्त्रे टांगता येतात, वगैरे. अशा वेळी उत्तर देण्याऐवजी "कोणासाठी?" असा उलट प्रश्न विचारावा, असे मला वाटते. त्यासाठी स्वीडनच्या ग्रिपेन या विमानाचा इतिहास हाताशी असला तर बरे. आकड्यांच्या तक्त्यात हे विमान क्वचितच पहिले येते. तरीही एका देशाच्या गरजेला ते फार नेमके बसले, आणि तेच विमान इतर काही देशांना मुळीच मानवले नाही.

सुरुवात १९४० पासून करावी लागते. स्वीडन तेव्हा तटस्थ होता. शेजारच्या डेन्मार्क आणि नॉर्वे या देशांवर त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जर्मनीने हल्ला केला. स्वीडनच्या हवाई दलाने अमेरिकेकडे १२० लढाऊ विमाने मागवली होती. त्यांतली ६० पोचली. उरलेली अमेरिकेने निर्यातबंदी घालून स्वतःकडेच ठेवली. पैसे तयार, करार झालेला, पण विमाने नाहीत! मग स्वीडनने इटलीकडून मिळतील ती विमाने घेतली आणि लाकूड व पोलाद वापरून घाईघाईने स्वतःचे एक विमान बनवले. त्याला इंजिन कोणते लावले? अमेरिकन इंजिनाची परवानगी न घेता केलेली नक्कल. इंजिनाची ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

युद्ध संपल्यावरही हा धडा स्वीडन विसरला नाही. १९३७ मध्ये स्थापन झालेल्या साब कंपनीने तुन्नान, लान्सेन, ड्राकेन, विग्गेन अशी एकामागून एक जेट विमाने बनवली. देशाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ दीडपट, लांबी उत्तर-दक्षिण दीड हजार किलोमीटरहून अधिक आणि १९८० च्या सुमाराची लोकसंख्या ८३ लाख. म्हणजे १९८१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची होती साधारण तेवढीच. एवढ्या माणसांच्या करातून सोव्हिएत संघासारख्या शेजाऱ्यापासून आकाश राखायचे होते.

त्यातच १९६७ चे अरब-इस्राएल युद्ध झाले. ५ जूनच्या सकाळी इस्राएलच्या विमानांनी इजिप्तच्या विमानतळांवर हल्ला केला आणि त्या एका दिवसात इजिप्तची सुमारे तीनशे विमाने नष्ट झाली, बहुतेक जमिनीवर उभी असतानाच. उत्तम विमान उभे कुठे राहते, हा प्रश्न त्याच्या वेगाइतकाच महत्त्वाचा आहे हे त्या दिवशी सगळ्या जगाला दिसले. स्वीडनमध्ये विमाने पसरवून ठेवण्याची पद्धत आधीपासून होती, ती आता आणखी पुढे नेण्यात आली. एकेका तळाभोवती अनेक छोट्या धावपट्ट्या, त्याही शक्यतो साध्या रस्त्यांवर. रस्ता सरळ करायचा, थोडा रुंद आणि मजबूत करायचा. एरवी त्यावरून मोटारी धावणार. गरज पडली की वाहतूक थांबवायची आणि विमान उतरवायचे. या छोट्या पट्ट्यांची लांबी सुमारे ८०० मीटर आणि रुंदी १७ मीटर ठरली. मोठ्या विमानतळांच्या धावपट्ट्या दोन-तीन किलोमीटर लांब असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे ८०० मीटर किती कमी हे कळेल.

इथे विज्ञानाच्या तासाला एक गणित घालता येते. समजा, विमान ताशी २१६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ६० मीटर वेगाने जमिनीला टेकले आणि ६०० मीटरमध्ये थांबवायचे आहे. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, म्हणजे मंदन सेकंदवर्गाला ३ मीटर. आता टेकतानाचा वेग ८० मीटर धरा. मंदन तेच राहिले तर १०६० मीटरहून अधिक अंतर लागेल. वेग एकतृतीयांशाने वाढला, पण अंतर पावणेदोन पटींहून जास्त झाले. म्हणून रस्त्यावर उतरायचे तर विमान हलके हवे आणि हळू उतरता आले पाहिजे.

ग्रिपेनची मागणी १९८२ मध्ये नोंदवली गेली ती या हिशेबाने. रिकाम्या विमानाचे वजन साडेसहा टनांच्या थोडे वर, लांबी सुमारे १४ मीटर, इंजिन एकच. त्रिकोणी पंख आणि त्यांच्या पुढे, वैमानिकाच्या आसनामागे, दोन छोटे हलते पंख. त्रिकोणी पंख वेगासाठी उत्तम, पण एकटे असले तर उतरताना जास्त वेग मागतात. पुढचे पंख ती उणीव भरून काढतात. शिवाय विमान टेकले की ते खाली कलतात आणि हवेलाच ब्रेक बनवतात.

नावाआधी तीन अक्षरे आहेत : जे, ए, एस. स्वीडिश भाषेत याकट, अट्टाक, स्पानिंग. म्हणजे शत्रूची विमाने पाडणे, जमिनीवर वा समुद्रावर मारा करणे आणि टेहळणी. विग्गेनमध्ये या कामांसाठी वेगवेगळे प्रकार बनवावे लागले होते. मारा करणारे एक, हवाई लढाईचे दुसरे, छायाचित्रे काढणारे तिसरे आणि समुद्रावर टेहळणी करणारे चौथे. छोट्या देशाला चार प्रकारची विमाने, चार प्रकारचे प्रशिक्षण आणि सुट्या भागांची चार कोठारे परवडत नाहीत. ग्रिपेनमध्ये विमान तेच, बदलायचे ते टांगलेले सामान आणि संगणकातील आज्ञावली. 'बहुउद्देशीय' या जड शब्दामागे बऱ्याच अंशी काटकसरच आहे.

विमान उतरल्यावरचे काम मला सर्वांत वेधक वाटते. एक कुशल यंत्रज्ञ आणि सक्तीच्या लष्करी सेवेतले पाच तरुण ट्रक घेऊन झाडीतून रस्त्यावर यायचे. इंधन भरायचे, क्षेपणास्त्रे चढवायची, आणि हवाई लढाईसाठी विमान सुमारे १० मिनिटांत पुन्हा निघाले पाहिजे. हे तरुण काही महिन्यांपूर्वी शाळेच्या बाकावर होते. तेव्हा रचनाकारांना झाकणे, जोडण्या, चढउतार असे सगळे कमी शिकलेल्या आणि थंडीने हात गारठलेल्या माणसाला जमेल अशा बेताने आखावे लागले. तक्त्यात या गुणासाठी रकाना नसतो.

पण हे सगळे जमून येण्याआधी विमान दोनदा कोसळले, आणि त्यामागचे विज्ञान शिकण्यासारखे आहे.

ग्रिपेन मुद्दाम अस्थिर बनवलेले आहे. हाताच्या तळव्यावर काठी उभी धरून पाहा. ती सतत पडू पाहते, आपण सतत हात हलवून तिला सावरतो. काठीऐवजी पेन्सिल घेतली तर सावरणे अशक्य होते, कारण छोटी वस्तू आपल्या हातापेक्षा लवकर कलंडते. विमानाचेही तसेच. उत्थापनाचा मध्य गुरुत्वमध्याच्या पुढे आणला की ते चपळ होते, पण नाक वरखाली भरकटू लागते, तेही माणसाला आवरणार नाही इतक्या झपाट्याने. म्हणून सावरण्याचे काम संगणकाकडे. वैमानिक दांडी हलवतो ती फक्त इच्छा. पंखांचे हलते भाग प्रत्यक्ष किती वळवायचे ते संगणक ठरवतो.

पहिले उड्डाण ९ डिसेंबर १९८८ ला झाले. सहाव्या उड्डाणात, २ फेब्रुवारी १९८९ रोजी, लिन्शोपिंगला उतरताना विमान वरखाली, डावीउजवीकडे डोलू लागले, जमिनीवर आपटले आणि कोलांटी खाऊन उलटे झाले. वैमानिक लार्स रोडेस्ट्रम यांचे कोपर मोडले. चाचण्या सुमारे १५ महिने थांबल्या आणि आज्ञावली सुधारली गेली. हवाई दलाला पहिले विमान जून १९९३ मध्ये मिळाले, आणि दोनच महिन्यांनी, ८ ऑगस्टला, स्टॉकहोमच्या जलोत्सवात हजारो प्रेक्षकांदेखत दुसरे विमान कोसळले. वैमानिक तेच रोडेस्ट्रम. ते छत्रीने सुखरूप उतरले. विमान लोंगहोल्मेन बेटावर, गर्दीने फुललेल्या पुलाजवळ झाडांत पडले. कोणी दगावले नाही, हे निव्वळ नशीब.

झाले काय होते? बंबाचे पाणी आणि थंड पाणी मिसळणारा नळ आठवा. गरम पाणी यायला उशीर लागतो म्हणून आपण नळ आणखी सोडतो, मग एकदम चटका बसतो, घाईने बंद करतो, तर गारठा. चूक पाण्याची नसते, आपलीही नसते. मधल्या उशिराची असते. ग्रिपेनच्या पंखांचे भाग ठरावीक वेगापेक्षा जलद वळू शकत नव्हते. वैमानिकाने दांडी जोरात आणि झटपट हलवली की संगणकाची आज्ञा पुढे आणि पंख मागे राहत. वैमानिक दुरुस्ती करी, तीही उशिरा पोचे, आणि डोलणे कमी होण्याऐवजी वाढे. पुढे आज्ञावलीत अशी तरतूद झाली की पंखांनी कमाल वेग गाठला तरी हा उशीर साठत जाऊ नये. दोष वैमानिकावर ढकलून मोकळे होता आले असते. अभियंत्यांनी तसे केले नाही.

स्वीडनने एकूण २०४ ग्रिपेन मागवली. तोवर सोव्हिएत संघच उरला नव्हता. २००४ मध्ये ताफा सुमारे १०० विमानांवर आणायचे ठरले. हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक यांनी प्रत्येकी १४ विमाने भाड्याने घेतली. छोटे देश, छोटा खर्च. तिथे हे विमान रुळले. दक्षिण आफ्रिकेने २६ घेतली, पण चालवायला पैसा अपुरा पडला. काही विमाने गुंडाळून ठेवावी लागली आणि २०२१ मध्ये देखभालीचा करार संपल्यावर सगळा ताफा काही काळ जमिनीवर बसला. स्वित्झर्लंडमध्ये तर २२ विमानांच्या खरेदीवर १८ मे २०१४ रोजी सार्वमत झाले आणि लोकांनी ती नाकारली. विमानात काय उणे होते यापेक्षा ते हवेच कशाला, हा तिथला प्रश्न होता.

खुद्द स्वीडनची विमाने परदेशी गेली तेव्हाही गंमत झाली. २०११ मध्ये लिबियाच्या मोहिमेसाठी आठ ग्रिपेन सिसिलीतल्या सिगोनेला तळावर उतरली, तर तिथले इंधन अमेरिकन आरमाराच्या विमानांचे, ग्रिपेनला न चालणारे. घरच्या कुठल्याही रस्त्यावर १० मिनिटांत सज्ज होणारे विमान परक्या तळावर पेट्रोलपंप शोधत बसले! नंतर सोय झाली आणि त्यांनी टेहळणी उत्तम केली.

आपल्या देशाचाही या कथेशी दोनदा संबंध आला. भारताने १२६ विमानांसाठी सहा विमाने स्पर्धेत उतरवली, त्यांत ग्रिपेन होते. बंगळूरचा पठारी प्रदेश, जैसलमेरचा उन्हाळा आणि तीन हजार मीटरहून उंच लेह इथे चाचण्या झाल्या. एप्रिल २०११ मध्ये ग्रिपेन बाद झाले. रफाल निवडले गेले, आणि तो व्यवहारही बारगळून २०१६ मध्ये ३६ रफाल घेण्यात आली. लेहच्या विरळ हवेत सामान घेऊन उडायचे आणि हिमालयापलीकडे पल्ला गाठायचा तर दोन इंजिनांचे मोठे विमान आपल्याला अधिक सोयीचे, असे माझे मत. हलकेपणा हा स्वीडनच्या रस्त्यावरचा गुण. लेहला गेल्यावर तो गुण राहतोच असे नाही.

दुसरा संबंध त्याआधीचा आहे. १९७० च्या दशकात भारत खोलवर मारा करणारे विमान शोधत होता, तेव्हा विग्गेनचा विचार झाला होता. विग्गेनचे इंजिन मूळ अमेरिकन इंजिनावरून घेतलेले. १९७८ मध्ये अमेरिकेने ते भारताला विकायला परवानगी नाकारली आणि आपण ब्रिटनकडून जॅग्वार घेतले. १९४० मध्ये ज्या देशाची ६० विमाने अमेरिकेने अडवली, त्याच देशाने मग स्वतः विमान बनवले, आणि चाळीस वर्षांनी त्याच्या विक्रीवरही शिक्कामोर्तब वॉशिंग्टनमध्येच व्हावे! संपूर्ण विमान रचता येते, आज्ञावली लिहिता येते. पण जेट इंजिनातील झोतचक्राची पाती, जी वितळणबिंदूहून तप्त वायूत फिरत राहतात, ती बनवणे मोजक्याच कारखान्यांना जमते. ग्रिपेनचे इंजिनही अमेरिकन एफ-४०४ वर आधारलेले. आपल्या तेजसमध्ये त्याच घराण्यातले इंजिन आहे. २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ इंजिनांतले पहिले मार्च २०२५ मध्ये पोचले आणि तेजसच्या नव्या आवृत्तीला ताटकळावे लागले. नाशिकच्या कारखान्यात जुळवलेले पहिले तेजस १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उडाले.

त्याच महिन्यात, २२ तारखेला, लिन्शोपिंगला स्वीडन आणि युक्रेन यांनी एका इरादापत्रावर सह्या केल्या. युक्रेनला १०० ते १५० ग्रिपेन, तीही नव्या 'ई' प्रकारची, देण्याचा विचार त्यात आहे. विमानतळांवर क्षेपणास्त्रे पडत असताना विमाने विखरून ठेवायची, रस्त्यावरून उडवायची आणि थोड्या माणसांनी सांभाळायची, अशी त्या देशाची गरज आहे. १९६७ नंतर स्वीडनने ज्या युद्धाची तयारी केली, ते दुसऱ्याच्या अंगणात आले. या 'ई' प्रकाराचे इंजिन एफ-४१४ आहे. तेही अमेरिकन, आणि ते बाहेर विकायचे तर परवानगी अमेरिकेचीच लागते.